आरशामागचा पारा



गणपतीच्या कार्यक्रमानंतर हॉलमधली भांडी पुसता पुसता आम्हा चार-पाच जणींचे बोलणे नेहमीच्या विषयावर आले, ते म्हणजे इथल्या घरांतली काळोखी स्वयंपाकघरे. ज्यांची स्वतःची घरे आहेत त्यांचे ठीक आहे. पण भाड्याच्या आल्टबाऊमध्ये राहणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा मागच्या अंगणाकडे, म्हणजे हिंटरहोफकडे, तोंड केलेली अरुंद खोली येते. नोव्हेंबर उजाडला (खरे तर तो उजाडतच नाही) की दुपारी तीनला दिवा लावून पोळ्या लाटायच्या. त्यावर एकीने उपाय सांगितला, "आरसा लावा, खोली दुप्पट दिसते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्या संपादकांनी ते ऐकले आणि "तुम्ही केमिस्ट आहात, लिहा की आरशावर," म्हणून काम माझ्या गळ्यात घातले. मी हो म्हटले, कारण आरशाची एक गोष्ट दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात घडली होती आणि ती चारचौघांत सांगायची राहून गेली होती.

आमचे स्वयंपाकघर लांबट आहे, टोकाला एकच खिडकी आणि तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत. फ्लोमार्क्टवर एका रविवारी मला एक जुना आरसा दिसला. चांगला हात-दीड हात उंच, कोरीव लाकडी चौकट, काच किंचित निळसर. खालच्या काठाला करड्या रंगाचे बारीक चकाकते ठिपके होते, पण त्यानेच तो अधिक खानदानी वाटत होता. घासाघीस करून पंधरा युरोला घेतला आणि शेगडीच्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवला. खिळे ठोकायचे काम नवऱ्याकडे, म्हणजे पुढच्या शनिवारी.

त्याच आठवड्यात आई चिपळूणहून आली होती. तिने आरशाकडे पाहिले आणि म्हणाली, "अगं, पारा उडालेला आरसा कशाला आणलास?"

मी हसले. म्हटले, "आई, आरशाला पारा नसतो गं, चांदी असते." बारावीच्या प्रॅक्टिकलला टॉलेन्सची परीक्षा आपण सगळ्यांनीच केली आहे. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया, थोडे ग्लुकोज, गरम पाण्यात परीक्षानळी, आणि मिनिटा-दोन मिनिटांत काचेवर लखलखीत चांदीचा थर. पुढे डॉक्टरेटच्या काळात विद्यार्थ्यांना ती मीच शिकवली. तेव्हा आईची चूक सुधारताना मला जराही शंका आली नाही. शंका आली ती रात्री अंथरुणात. मराठीत आपण आरशाचा पारा उडाला असे म्हणतो. भाषेत हा पारा आला कुठून?

सकाळी उठून मी आरसा खिडकीपाशी नेला. पांढरा कागद काचेसमोर धरला, तर प्रतिबिंबातला कागद करडा-निळसर दिसला. चांदीच्या आरशात तो किंचित उबदार, पिवळ्याकडे झुकणारा दिसतो. मागची फळी काढली. आतला थर राखाडी, धातूचा, त्यावर रंगाचा हात नव्हता. चांदीच्या आरशाला मागून रंगाचे संरक्षण असते, बहुधा तपकिरी किंवा करडे. चौकटीच्या खालच्या खाचेत कागद धरून हलकेच टकटक केले, तर मोहरीएवढे दोन थेंब कागदावर पळू लागले. आईचे बरोबर होते. आणि आमची लेक तेव्हा जमिनीवर बसून खेळण्याच्या वयाची होती.

पुढे काय केले ते शेवटी सांगते. आधी हा पारा चौकटीत आला कसा ते सांगायला हवे, कारण ती हकीकत इथलीच, जर्मनीतली आहे.

काचेला धातू चिकटवून चांगला मोठा आरसा करण्याची विद्या सोळाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर पक्की झाली. तिथून ती युरोपभर गेली. पद्धत थोडक्यात अशी. अगदी सपाट दगडी टेबलावर कथलाचा वर्ख पसरायचा. कथील म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचे तेच. वर्खावर पारा चोळायचा, मग त्याचे तळे होईल इतका ओतायचा. त्या तळ्यावरून काच एका कडेने अलगद सरकवत न्यायची, म्हणजे वरचा मळ आणि हवा पुढे ढकलली जाते. मग काचेवर वजने ठेवायची, टेबल तिरके करायचे, जादा पारा निथळू द्यायचा. निथळणे आठवडेच्या आठवडे चाले. उरतो तो कथील-पाऱ्याचा मिश्रधातू, त्यात साधारण पाव हिस्सा पारा. तो पारा सगळा बांधलेला नसतो. कथलाच्या स्फटिकांमध्ये थोडा द्रवरूप पारा शिल्लक असतो आणि तो वर्षानुवर्षे खाली झिरपत राहतो, उडतही राहतो. म्हणून जुन्या आरशाचा खालचा काठ आधी बिघडतो.

व्हर्सायच्या राजवाड्यातले ३५७ आरशांचे दालन १६८४ मध्ये पूर्ण झाले, ते याच पद्धतीचे. खोली मोठी आणि उजळ दिसावी म्हणून आरसे लावण्याची हौस युरोपात तिथून फोफावली. आपल्याकडच्या जर्मन राजेरजवाड्यांनीही आरशांच्या खोल्या करून घेतल्या. व्युर्त्सबुर्गच्या रेसिडेन्झमधली १७४० च्या दशकातली आरसेखोली १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली आणि १९८७ पर्यंत पुन्हा उभी केली गेली. लहान खोलीला भिंतीच नाहीत असा भास होतो. मंडळाच्या सहलीला व्युर्त्सबुर्ग सोयीचे आहे, एवढे सुचवून ठेवते.

या आरशांचे जर्मनीतले मोठे केंद्र म्हणजे न्यूरेंबर्गला लागून असलेले फ्युर्ट. जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे १८३५ मध्ये याच दोन गावांमध्ये धावली, हे मुलांच्या पुस्तकात असते. फ्युर्टचे आरसे परदेशी जात हे पुस्तकात सहसा नसते. आणि ते बनवणाऱ्यांचे काय झाले ते तर नसतेच.

काचेवर पारा चढवण्याच्या खोल्या बंदिस्त असत. धूळ नको म्हणून खिडक्या लावून घेत, हिवाळ्यात तर उघडण्याचा प्रश्नच नसे. या कामात स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. पारा अंगाला लागतो त्यापेक्षा श्वासातून जातो ते वाईट. आधी हिरड्या सुजतात, लाळ सुटते, दात हलू लागतात. मग हात थरथरू लागतात, इतके की चमचा तोंडाशी नेता येत नाही. स्वभाव बदलतो. माणूस भित्रा, लाजाळू, चिडका होतो, कोणी बघत असले तर साधे काम करता येत नाही. आडोल्फ कुसमाउल नावाचे डॉक्टर तेव्हा एर्लांगेनला प्राध्यापक होते (आपल्यातल्या डॉक्टर मंडळींना कुसमाउल श्वसन आठवेल, तेच हे). त्यांनी एर्लांगेन आणि फ्युर्टच्या आरसा-कामगारांना तपासून १८६१ मध्ये पारदविषबाधेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. म्हणजे ठाऊक नव्हते असे कुणालाच म्हणता येत नाही.

मी हे वाचत बसले होते आणि आई शेजारी लसूण सोलत ऐकत होती. तिने विचारले, "हे आरसे लावायचे कुठे?" म्हटले, राजवाड्यांत, नाचाच्या दालनांत, मोठ्यांच्या दिवाणखान्यात. "म्हणजे आपल्यासारखंच," ती म्हणाली. तिचे खरे आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यातही आरसे महाल होता, १८२८ च्या आगीत वाडा जळाला त्यात सगळे गेले. आरसा बैठकीच्या जागी. घरातल्या बाईच्या वाट्याला फणेरपेटीच्या झाकणातला तळहाताएवढा. आणि स्वयंपाकघर सगळ्यात मागे, माजघराच्या पलीकडे, चुलीच्या धुराने काळे झालेले. तिथे उजेड वाढवावा असे कुणाला वाटले नाही, कारण ज्यांना वाटण्याचा अधिकार होता ते तिथे बसत नव्हते.

आईच्या आजोळच्या घरी मात्र एक गोष्ट होती. छपरात मंगळुरी कौले होती आणि त्यांत स्वयंपाकघरावर दोन काचेची कौले. दुपारी त्यातून उजेडाचे दोन पट्टे जमिनीवर पडत आणि सरकत. तिची आजी तांदूळ निवडायला सूप घेऊन त्या पट्ट्यात बसे आणि पट्टा सरकेल तशी तीही सरके. "घड्याळच होतं ते आमचं," आई म्हणाली. मला गंमत वाटली ती याची की मंगळुरी कौलाचा जन्मही एका जर्मन माणसाच्या हातचा. गेओर्ग प्लेब्स्ट या बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्याने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. आधीची नळीची कौले दरवर्षी चाळावी लागत. ही यंत्रावर दाबलेली, एकमेकांत अडकणारी, सारख्या मापाची. सारख्या मापामुळेच त्याच आकाराचे काचेचे कौल मध्ये बसवता येऊ लागले. फ्युर्टमध्ये पाऱ्याच्या खोल्या चालू होत्या त्याच वर्षांत ही कौले समुद्रमार्गे कोकणात येऊ लागली. स्वयंपाकघरात उजेड आणायचा तर छपराला एक काच पुरते, पारा लागत नाही.

पाऱ्याशिवाय आरसा करता येतो हे तोवर माहीत झालेले होते, आणि ही माझ्या धंद्यातल्या माणसाची गोष्ट आहे. युस्टुस फोन लीबिश, आपल्या पुस्तकांतला लीबिग, ज्याच्या नावाचा कंडेन्सर आपण शाळा-कॉलेजात पाहिला. जन्म डार्मश्टाटचा, १८०३ चा. एकविसाव्या वर्षी गीसेनला प्राध्यापक झाला. १८३५ मध्ये त्याने अल्डिहाइडचे वर्णन केले (हा शब्दही त्याचाच) आणि लिहून ठेवले की अमोनियातल्या चांदीच्या क्षारात ते घालून गरम केले की काचेवर चांदीचा आरसा तयार होतो. तेव्हा ते केवळ ओळखीचे लक्षण होते. आपण परीक्षानळीत करतो ती परीक्षा टॉलेन्सच्या नावाने पुढे अर्धशतकाने रूढ झाली, पण मूळ निरीक्षण लीबिशचे. इंग्लंडमध्ये ड्रेटन याने १८४३ मध्ये चांदी चढवण्याचे पेटंट घेतले. लीबिश म्युनिकला गेल्यावर, १८५६ च्या सुमारास, दुर्बिणीचे आरसे हवेत म्हणून श्टाइनहाइल त्याच्याकडे आला, आणि लीबिशने थंड काचेवर स्वच्छ, एकसारखी चांदी बसवण्याची रीत बसवली. दुर्बिणीवाल्यांनी ती लगेच उचलली.

आरसेवाल्यांनी उचलली नाही. न्यूरेंबर्ग आणि फ्युर्टच्या मधल्या डोस गावी लीबिशच्या पद्धतीचा कारखाना निघाला आणि काही वर्षांत बंद पडला. कारणे दोन-तीन सांगतात. चांदीवर डाग पडत, गंधक तिचा शत्रू आहे हे आपल्या पैंजणांवरून आपल्याला माहीत आहे. जुन्या कारागिरांचा हात पाऱ्याला बसलेला होता. पण मुख्य तक्रार गिऱ्हाइकाची होती: या आरशात चेहरा पिवळट दिसतो. पाऱ्याच्या निळसर आरशात माणूस गोरा दिसे, चांदीच्या आरशात आहे तसा दिसे. पसंती निळसरला मिळाली. हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. एकीकडे चमचा धरता न येणारे हात, दुसरीकडे गालाची किंचित पिवळी छटा, आणि तराजू तीसएक वर्षे त्याच बाजूला झुकलेला राहिला.

शेवटी पारा गेला तो शास्त्रामुळे एकट्याने नाही. १८८० च्या दशकात फ्युर्टच्या कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी पुढे आल्या, आणि दशकाच्या अखेरीस बव्हेरियाने पाऱ्याच्या कारखान्यांना कामाचे तास, खोल्यांचे तापमान, हवा, सगळ्यांवर इतके कडक नियम घातले की चांदीच स्वस्त पडू लागली. काही वर्षांतच पाऱ्याचा आरसा संपला. आज एक चौरस मीटर आरशाला जेमतेम ग्रॅमभर चांदी लागते. पण मराठीत तो अजून पाराच उडतो. भाषा नियम वाचत नाही हे बरेच आहे, नाहीतर आईला ते सुचले नसते.

आता स्वयंपाकघराकडे येते. पारा जाऊन सदतीसएक वर्षे झाल्यावर, १९२६ मध्ये, फ्रांकफुर्टमध्ये एर्न्स्ट माय याच्या हाताखाली नव्या वसाहती बांधल्या जात होत्या. त्यांच्यासाठी मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या तरुण स्त्री-वास्तुविशारदाने स्वयंपाकघर रेखाटले, तेच प्रसिद्ध फ्रांकफुर्टर क्यूश. साधारण १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या डायनिंग कारचे स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर होते. अशी सुमारे दहा हजार बसवली गेली. म्हणजे आपण ज्याला कुरकुरतो त्या लांबट खोलीची ही आजी. पण आजी शहाणी होती. टोकाच्या खिडकीखालीच कामाचा ओटा, पुढे फिरते स्टूल, म्हणजे बसून भाजी चिरावी आणि उजेड सरळ हातावर पडावा. छतावर रुळावरून सरकणारा दिवा, जिथे काम तिथे ओढून न्यायचा. आरसा एकही नाही. खोली मोठी दिसावी हा तिचा प्रश्नच नव्हता, पावले कमी पडावीत आणि डोळ्यांना ताण नको, हा होता. (दोघींनी मिळून पुरणपोळ्या करायच्या म्हटल्या तर एकीला बाहेर उभे राहावे लागेल, हा दोष तिच्या पदरात घालायलाच हवा. तिथल्या गृहिणींनीही तेव्हा घातला होता.) फ्रांकफुर्टच्या र्‍योमरश्टाट वसाहतीतल्या एर्न्स्ट माय हाउसमध्ये मूळ रूपात आणलेले असे स्वयंपाकघर पाहता येते. आईला घेऊन मी गेले होते. ती खिडकीखालच्या ओट्यावर हात ठेवून म्हणाली, "आजीचा पट्टा हिने भिंतीत बसवला."

त्या भेटीनंतर मी घरी साधा हिशोब केला. चुन्याची स्वच्छ पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला सुमारे ८० टक्के परत देते, चांदीचा आरसा सुमारे ९०. म्हणजे फरक थोडा. भिंत तो सगळीकडे पसरवते, आरसा एकाच दिशेला धाडतो. म्हणून आरसा कुठेही लावून उजेड वाढत नाही, भासच वाढतो. भासालाही किंमत आहे, मी नाही म्हणत नाही, फेब्रुवारीत तर फारच. पण उजेड हवा असेल तर एक सोपी युक्ती आहे. तुम्ही जिथे चिरता-लाटता तिथे उभ्या राहा आणि घरातल्या कुणाला हातातला आरसा भिंतीवर ठिकठिकाणी धरायला सांगा. ज्या जागी तुम्हाला त्यात आकाश दिसेल ती जागा खरी. समोरच्या इमारतीची भिंत दिसली तर तुम्हाला दोन इमारती मिळतील, बाकी काही नाही. आमच्याकडे ती जागा निघाली खिडकीला लागून असलेल्या बाजूच्या भिंतीवर, कपाटाच्या वर, जिथे आरसा लावायचे माझ्या मनातही नव्हते. तिथे बाउमार्क्टमधल्या आरशाच्या चौकोनी फरशा प्लायवुडवर चिकटवून टांगल्या. भिंतीला चिकटवल्या असत्या तर घर सोडताना घरमालकाशी वाद झाला असता. शेगडीमागे लावू नका. पहिल्या फोडणीतच धडा मिळतो.

आणि तो जुना आरसा. पाऱ्याची वाफ तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, २० अंशांवरून ३० वर गेले तर दुपटीहून अधिक. म्हणून शेगडी आणि हाइझुंगच्या शेजारची जागा सर्वांत वाईट, आणि मी तो नेमका तिथेच ठेवला होता. आम्ही हाइझुंग बंद केले, लेकीला बाहेरच्या खोलीत नेले, खिडकी सताड उघडली. थेंब कागदाच्या पन्हळीने झाकणाच्या बाटलीत घेतले, फटीतले बारीक कण चिकटपट्टीने उचलले. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, त्याने पारा खोलीभर उडतो. आरसा होता तसा उभाच जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला, आडवा केला नाही, आणि बाटलीसकट शहराच्या शाडश्टोफ-जाम्लुंगला नेऊन दिला. तिथल्या गृहस्थाने काही न विचारता घेतला. विकणाऱ्याला बिचाऱ्याला ते माहीत असण्याची शक्यता नव्हती. मला माहीत असायला हवे होते.

ज्यांच्या दिवाणखान्यात जुना आरसा शांतपणे टांगलेला आहे त्यांनी घाबरून तो उतरवू नये. उतरवताना, घासताना, फळी काढतानाच धोका अधिक. पण काच निळसर असेल, खालच्या काठाला चकाकते करडे ठिपके असतील आणि तो स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खोलीत असेल, तर मला जरूर सांगा. दिवाळीच्या कार्यक्रमात मी नेहमीप्रमाणे चहाच्या टेबलामागे आहे. आरसा आणू नका, फोटो आणा. पांढरा कागद समोर धरून, दिवसाच्या उजेडात काढलेला.